माणसाच्या उपजाती पडतात का?

घरातील शिवणाच्या डब्यात जुनी बटणे साठलेली असतात. ती एका ताटात ओता आणि त्यांचे गट पाडा. कोणी रंगावरून गट पाडील, कोणी आकारावरून, तर कोणी छिद्रांच्या संख्येवरून. आता एक गोष्ट नीट पाहा. रंगावरून जी बटणे एका ढिगात आली होती, ती छिद्रे मोजू लागताच फुटतात आणि वेगवेगळ्या ढिगांत जातात. यांपैकी कोणती मांडणी खरी आणि कोणती खोटी, असा प्रश्नच येत नाही. बटणांत आपापसांत नातेगोते नसते. आपल्याला सोयीची वाटेल ती मांडणी करावी.

सजीवांच्या वर्गीकरणाची गोष्ट निराळी आहे. देवमासा पाण्यात राहतो आणि त्याचे शरीर माशासारखे निमुळते असते. तरीही आपण त्याला मासा म्हणत नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, आणि त्याचे पूर्वज जमिनीवर वावरणारे सस्तन प्राणी होते. वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी ठरत नाही. म्हणजे प्राणिशास्त्रातील गट हा केवळ दिसण्यावरून पाडलेला ढीग नसतो. एका गटातील प्राण्यांचे नाते गटाबाहेरील प्राण्यांपेक्षा जवळचे असावे, ही त्यामागची अट असते. म्हणूनच येथे एखादी मांडणी चुकीची ठरू शकते.

माणसांचे ‘वंश’ हा शब्द तुम्ही अनेकदा ऐकला असेल. गोरा वंश, काळा वंश, पिवळा वंश अशी विभागणी जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत असे. ही विभागणी देवमाशाला सस्तन ठरविणाऱ्या वर्गीकरणासारखी आहे, की बटणांच्या ढिगासारखी? या लेखात आपण हेच तपासून पाहू.

वर्गीकरणाच्या शिडीवर माणूस

प्राणिसृष्टीत माणसाचा पत्ता असा आहे : संघ रज्जुमान, वर्ग सस्तन, गण नरवानर, कुल होमिनिडी, प्रजाती होमो, जाती सेपिअन्स. येथे एक खुलासा करायला हवा. ‘जाती’ हा शब्द या लेखात जीवशास्त्रातील अर्थाने वापरला आहे. आपल्या समाजातील ‘जात’ ही अगदी वेगळी गोष्ट आहे. ज्या प्राण्यांचा आपापसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती होते, ते सामान्यतः एका जातीचे मानले जातात. या दृष्टीने पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच जातीची आहेत. त्याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही.

प्रश्न आहे तो जातीच्या खालच्या पायरीचा. एकाच जातीचे प्राणी दूरदूरच्या प्रदेशांत दीर्घकाळ वेगळे राहिले, तर त्यांच्यात ठळक फरक पडतात. अशा समूहांना उपजाती म्हणतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हे जवळचे उदाहरण आहे. शेकरूच्या अंगावरील रंगांवरून त्याच्या काही उपजाती सांगितल्या जातात. पण त्या नेमक्या किती, याबद्दल मतभेद आहेत. वाघाच्या पूर्वी आठनऊ उपजाती मानल्या जात. २०१७ मध्ये मार्जार कुळाच्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दोनच पुरेत असे म्हटले, तर २०१८ मध्ये वाघांचे जनुक तपासणाऱ्या संशोधकांना सहा वेगळे गट दिसले. यावरून लक्षात येईल की, प्राण्यांच्या बाबतीतही उपजात ठरविणे सोपे नसते. त्यासाठी निदान तीन गोष्टी पाहाव्या लागतात. समूहांमध्ये सीमा आहे का? निरनिराळी लक्षणे एकाच सीमेवर बदलतात का? आणि तो समूह म्हणजे वंशवृक्षाची एक वेगळी फांदी आहे का?

या तीन कसोट्या आता माणसाला लावून पाहू. त्याआधी माणसांचे वंश प्रथम कोणी आणि कसे पाडले ते पाहिले पाहिजे.

चार, पाच की त्रेसष्ट?

स्वीडनचे कार्ल लिनीअस हे आधुनिक वर्गीकरणाचे जनक. त्यांनी १७३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाला प्राण्यांच्या यादीत बसविले. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती. त्याच वेळी त्यांनी माणसाचे चार खंडांप्रमाणे चार प्रकार केले : गोरा युरोपीय, तांबडा अमेरिकन, गडद वर्णाचा आशियाई आणि काळा आफ्रिकन. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी आशियाई माणसाचा रंग बदलून फिकट पिवळा केला. दरम्यानच्या काळात आशियातील माणसांचा रंग काही बदलला नव्हता! याच आवृत्तीत त्यांनी प्रत्येक प्रकाराला स्वभावही चिकटवले. युरोपीय कायद्याने चालतो आणि आफ्रिकन लहरीने, असे त्यांनी लिहिले. वनस्पतींचे पुंकेसर काळजीपूर्वक मोजणाऱ्या या शास्त्रज्ञाने येथे मात्र प्रवाशांच्या ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला.

जर्मनीचे योहान ब्लूमेनबाख यांनी कवट्यांचा अभ्यास करून १७९५ मध्ये पाच प्रकार सांगितले : कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलायी. कॉकेशस पर्वताजवळील जॉर्जिया येथील एका स्त्रीची कवटी त्यांना सर्वांत सुंदर वाटली, म्हणून पहिल्या गटाला ते नाव मिळाले. या कॉकेशियन गटाची पूर्वेकडची हद्द त्यांनी ओब नदी, कास्पियन समुद्र आणि आपली गंगा नदी अशी सांगितली आहे. म्हणजे गंगेच्या अलीकडचा माणूस कॉकेशियन आणि पलीकडचा मंगोलियन! गंगेच्या दोन्ही काठांवर राहणारी, नावेने ये-जा करणारी आणि एकमेकांत सोयरिकी करणारी माणसे आठवा, म्हणजे या रेषेचा फोलपणा ध्यानात येईल. मात्र एक गोष्ट ब्लूमेनबाख यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. हे प्रकार एकमेकांत नकळत मिसळत जातात आणि त्यांच्यात पक्की सीमा नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते.

पुढे तर आकड्यांचा मेळच राहिला नाही. डार्विन यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या अभ्यासकांनी सांगितलेली वंशांची संख्या एकत्र दिली आहे. कोणी दोन म्हणतो, कोणी तीन, कांट चार, ब्लूमेनबाख पाच, बुफाँ सहा. पुढे अकरा, पंधरा, बावीस, साठ आणि शेवटी त्रेसष्ट! इतक्या जाणत्या लोकांचे एकमत होत नाही याचा अर्थ हे गट एकमेकांत मिसळत जातात आणि त्यांना वेगळे करणारी ठळक लक्षणे सापडणे कठीण आहे, असा निष्कर्ष डार्विन यांनी काढला.

पहिली कसोटी : सीमा

त्वचेच्या रंगापासून सुरुवात करू, कारण वंश म्हटले की प्रथम तोच डोळ्यांसमोर येतो. त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरणांपासून ते शरीराचे रक्षण करते. हे किरण फार शोषले गेले तर रक्तातील फोलेट या जीवनसत्त्वाचा नाश होतो. उलट ते फारच कमी मिळाले तर त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे विषुववृत्ताजवळ गडद आणि ध्रुवांकडे फिकट त्वचा नैसर्गिक निवडीने टिकली, असे शास्त्रज्ञ मानतात.

नाईल नदीच्या उगमापासून भूमध्य समुद्रापर्यंत आणि तेथून स्वीडनपर्यंत पायी चालत गेलात तर वाटेत रंग हळूहळू बदलताना दिसेल. येथे काळा वंश संपला आणि गोरा सुरू झाला, असे सांगणारे गाव कोठेही लागणार नाही. थेट नायजेरियातून विमानाने स्वीडनला उतरणाऱ्याला मात्र दोन अगदी वेगळे लोक दिसतात. मधली माणसे त्याने पाहिलेलीच नसतात.

दुसरी कसोटी : लक्षणे बरोबर बदलतात का?

आता बटणे आठवा. आफ्रिकेतील, दक्षिण भारतातील आणि पापुआ न्यू गिनीतील अनेक लोकांची त्वचा गडद असते. रंगावरून ते एका ढिगात येतील. पण डीएनएच्या तपासणीत पापुआतील लोक आफ्रिकेतील लोकांपेक्षा आशियातील लोकांना अधिक जवळचे ठरतात. उन्हाचा परिणाम सारखा झाला म्हणून रंग सारखा राहिला. देवमासा माशासारखा दिसतो त्यातलाच हा प्रकार.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. सिकल सेल या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. या आजाराचे जनुक आई व वडील दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस सहसा निरोगी राहतो, शिवाय तीव्र मलेरियापासून त्याला संरक्षण मिळते. हे संरक्षण अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले. अमेरिकेत हा आजार बराच काळ ‘काळ्या वंशाचा’ समजला जात असे. पण हे जनुक ग्रीसच्या काही भागांत, अरबस्तानात, निलगिरीत तसेच आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागातही आढळते. उलट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील अनेक लोकांत ते विरळ आहे. म्हणजे या जनुकाचा नकाशा मलेरियाच्या नकाशाशी जुळतो, रंगाच्या नकाशाशी जुळत नाही. ‘हा आजार अमुक वंशाचा’ असे धरून चालणारा डॉक्टर गोऱ्या ग्रीक मुलाचा आजार ओळखण्यात चुकेल.

तिसरे उदाहरण रक्तगटांचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रीसमधील सालोनिका येथे अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. त्यांत भारतीय सैनिकही होते. लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने तेथे आठ हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले आणि १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘बी’ गटाचे प्रमाण भारतीय सैनिकांत सर्वांत जास्त, तर पश्चिम युरोपीयांत कमी भरले. पण महत्त्वाची गोष्ट अशी की ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही गट सर्वच लोकांत सापडले. फरक होता तो केवळ प्रमाणाचा. म्हणून तर असे घडते की, सख्ख्या भावाचे रक्त चालत नाही आणि दुसऱ्या खंडातील अनोळखी माणसाचे चालते. असे असूनही अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले जाई. तेथील रेडक्रॉसने ही पद्धत १९५० मध्ये बंद केली.

तिसरी कसोटी : वंशवृक्षाची फांदी

आधुनिक माणूस आफ्रिकेत उदयाला आला. सुमारे ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी त्यांतील एक लहानसा हिस्सा बाहेर पडला, आणि आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या लोकांचे बहुतेक पूर्वज त्या हिश्शातलेच. त्यामुळे माणसांतील जनुकीय विविधता सर्वाधिक आहे ती आफ्रिकेतच. दक्षिण आफ्रिकेतील सान लोक आणि पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोक यांच्या शाखा एकमेकींपासून फार पूर्वी वेगळ्या झाल्या. योरुबा आणि युरोपीय यांच्या शाखा त्यानंतर फुटल्या. तेव्हा सान आणि योरुबा यांना ‘काळा वंश’ म्हणून एकत्र बांधणे आणि युरोपीयांना वेगळे काढणे हे वंशवृक्षाच्या विरुद्ध जाते.

फरकाचे प्रमाणही मोजता येते. अमेरिकेचे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट व रक्तातील प्रथिने यांच्या १७ जनुकांचा जगभरातील तपशील घेऊन हिशेब मांडला. माणसामाणसांतील एकूण विविधतेपैकी ८५.४ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडली. एकाच ‘वंशातील’ निरनिराळ्या लोकसमूहांमधली विविधता ८.३ टक्के होती. ‘वंशावंशांतील’ म्हणून जी उरली ती फक्त ६.३ टक्के! २००२ साली ५२ लोकसमूहांतील १,०५६ व्यक्तींच्या डीएनएमधील ३७७ ठिकाणे तपासण्यात आली. तेव्हाही ९३ ते ९५ टक्के विविधता लोकसमूहांच्या आतच आढळली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. केंब्रिजचे ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, एकेका जनुकावरून माणसाचा प्रदेश ओळखता येत नसला तरी शेकडो जनुके एकत्र पाहिली तर त्याचे पूर्वज कोणत्या भागातले असावेत हे बरेच अचूक सांगता येते. हे खरेच आहे. बोलण्याच्या ढबीवरून माणूस कोकणातला की वऱ्हाडातला हे आपणही सांगतो. पण त्यावरून कोकण आणि वऱ्हाड यांच्या मध्ये भाषेची भिंत आहे असे ठरत नाही. २००२ च्या त्याच संशोधनात संगणकाला पाच गट पाडायला सांगितले तेव्हा ते साधारण खंडांप्रमाणे पडले. सहा पाडायला सांगितल्यावर सहावा गट निघाला तो पाकिस्तानच्या डोंगरांत राहणाऱ्या कलाश या छोट्याशा लोकसमूहाचा! किती गट पाडायचे हे आपण सांगायचे आणि संगणकाने तितके पाडून द्यायचे. पूर्वजांचा प्रदेश कळणे वेगळे आणि उपजात असणे वेगळे.

तुलनेसाठी आपला जवळचा नातलग चिंपांझी घेऊ. त्याच्या चार उपजाती सामान्यतः मानल्या जातात. कॅमेरून देशात सनागा नदीच्या दोन्ही बाजूंना चिंपांझी राहतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, या शेजारच्या समूहांतील जनुकीय फरक निरनिराळ्या खंडांतील माणसांमधील फरकापेक्षा अधिक आहे. चिंपांझींना पोहता येत नाही, त्यामुळे नदी ही त्यांच्यासाठी खरी सीमा होते. माणसाने मात्र होड्या केल्या, घाट ओलांडले, व्यापार केला, लग्ने केली. त्याला इतका काळ वेगळे ठेवणारी नदी पृथ्वीवर नव्हती. जगात आज ८०० कोटींहून अधिक माणसे आहेत, आणि कोणत्याही दोघांचा डीएनए शेजारी ठेवला तर दर हजार अक्षरांमागे सरासरी सुमारे एकच अक्षर वेगळे निघते.

तिन्ही कसोट्यांवर माणसाचे ‘वंश’ टिकत नाहीत. माणसामाणसांत फरक नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. फरक आहेत, पण ते उपजातींच्या चौकटीत बसत नाहीत.

चुकीच्या रेषांची किंमत

‘ही तर पुस्तकातली चर्चा, तिने कोणाचे काय बिघडले?’ असे कोणी विचारील. भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांची हकिगत ऐका. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. त्या काळच्या अमेरिकन कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळे. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी माणसाला तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तुम्ही कॉकेशियन नाही. थिंड यांनी म्हटले, शास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत, तेव्हा मला नागरिकत्व द्या. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही! यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही ते काढून घेण्यात आले. थिंड यांना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळाले, आणि भारतीयांना ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले. सोयीचे असेल तेव्हा शास्त्राचा आधार घ्यायचा आणि गैरसोयीचे होताच तो सोडायचा, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

आपल्या देशातही हे मोजमाप झाले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढले. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियम त्यांनी सांगितला. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हीच आकडेवारी पुन्हा तपासली. उत्तर भारताचा एक भाग सोडला तर हा नियम लागू पडत नाही, असे त्यांना आढळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मापांचाच आधार घेऊन अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे होते हे मत खोडून काढले. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

इरावती कर्वे यांचे उदाहरणही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हा इरावतीबाईंचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकांची अपेक्षा काय आहे हे ठाऊक असताना परदेशी विद्यार्थिनीने जे मोजले तेच लिहिले. पुढे १९३३ नंतर त्याच संस्थेचे ज्ञान नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांसाठी वापरले गेले, आणि त्या धोरणांनी लाखो लोकांचे प्राण घेतले.

वर्गीकरण हे शास्त्रज्ञाचे उपयुक्त साधन आहे. पण गट पाडण्यापूर्वी ‘ही रेषा निसर्गात आहे, की मी ओढतो आहे?’ हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे. माणसांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याला ठाऊक आहे.

करून पाहा

१. आपल्या वर्गातील मुलांचे रक्तगट (माहीत असल्यास) फळ्यावर लिहा आणि टक्केवारी काढा. दुसऱ्या तुकडीशी तुलना करा. फरक गटांचा आहे की प्रमाणाचा?

२. एकाच झाडाची वीस पाने गोळा करा. लांबीप्रमाणे आणि नंतर रुंदीप्रमाणे ओळीत लावा. ‘लहान’ आणि ‘मोठी’ यांमधली रेषा कोठे ओढाल? मित्राची रेषा त्याच जागी येते का?

३. देवमासा व शार्क, वटवाघूळ व घुबड या जोड्यांत दिसण्यातील साम्य कशामुळे आले आणि नाते कोणाशी आहे, ते लिहा.

शिक्षकांना सूचना : गट पाडण्याचे प्रयोग बटणांवर किंवा पानांवरच करावेत. मुलांना रंगावरून किंवा नाकडोळ्यांवरून रांगेत उभे करू नये.